प्लाझ्मात वाढलेला मायक्रोआरएनए आजाराचा की नमुन्याचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे 30 रुग्ण आणि 30 निरोगी माणसं यांच्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्तद्रवात, तुम्ही क्यूपीसीआरने (आरएनएचं प्रमाण मोजण्याची पद्धत) काही मायक्रोआरएनए, म्हणजे जीनना आवर घालणारे छोटे आरएनए, मोजले. मिर-451ए, मिर-16 आणि मिर-486-5पी हे तिघे रुग्णांमध्ये चार-पाच पट जास्त निघाले, मिर-21 दीड पट. नॉर्मलायझेशन, म्हणजे नमुने तुलनेजोगे करायला एका आधाराच्या रेणूशी ताडून पाहणं, यू6 हा आरएनए वापरून केलं. मग टार्गेटच्या, म्हणजे मायक्रोआरएनए ज्या जीनना आवरतात त्यांच्या, डेटाबेसमध्ये ही नावं टाकली, तर पेशींच्या वाढीचा पीआय3के-एकेटी मार्ग आणि ‘कर्करोगातील मार्ग’ यादीत सगळ्यात वर आले. आता हे मायक्रोआरएनए आजाराला कारणीभूत आहेत असं प्रबंधात लिहिता येईल का, निदानासाठी ते चालतील का आणि त्यांच्यावर औषध करता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

हातातल्या आकड्यांवरून तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागेल. काम फुकट गेलं असा याचा अर्थ नाही. पण तुमची पहिली तीन नावं एका ओळीत वाचली की प्लाझ्मावर काम करणाऱ्या कुणालाही स्वादुपिंडाच्या आधी तांबड्या पेशी आठवतात. आजारात या मायक्रोआरएनएची भूमिका काय, हा प्रश्न नंतरचा. नळीतला हा रेणू मुळात कुठल्या पेशीतून आला, हे आधी ठरवायला हवं. ते ठरल्याशिवाय पुढचं सगळं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

आधी हे रेणू पेशीत काय करतात ते पाहू, कारण तुमच्या ‘चार-पाच पट’चा अर्थ त्यावरून लावायचा आहे. जीनवरून एक लांब प्रत निघते. केंद्रकात ड्रोशा आणि डीजीसीआर8 तिचा साधारण 70 अक्षरांचा दुमडलेला तुकडा कापतात, एक्सपोर्टिन-5 तो बाहेर नेतं, डायसर त्याला आणखी छाटतं आणि उरलेली सुमारे 22 अक्षरांची एक पट्टी अर्गोनॉट प्रथिनात जाऊन बसते. त्या पट्टीची 2 ते 8 ही अक्षरं एखाद्या संदेशवाहक आरएनएच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागाशी जुळली की त्या आरएनएची ए-शेपटी खुडली जाते, तो लवकर नष्ट होतो आणि प्रथिन कमी बनतं. ‘कमी’ या शब्दावर लक्ष द्या. एका मायक्रोआरएनएमुळे एखादं टार्गेट बहुतेक वेळा निम्म्यानेही घटत नाही. ही यंत्रणा जीनचं बटण बंद करत नाही, आवाज थोडा खाली आणते, तोही एकाच वेळी शेकडो जीनचा. अँब्रोस आणि रुव्कुन यांनी 1993 साली सूत्रकृमीत लिन-4 दाखवला, 2000 साली लेट-7 सापडला आणि तो माणसातही जसाच्या तसा निघाला, 2024 चं नोबेल या दोघांना मिळालं. हा इतिहास तुम्हाला पाठ असेल, म्हणून इथे थांबतो.

आता तांबड्या पेशी. त्यांना केंद्रक नसतं, पण मायक्रोआरएनए त्यांच्यात ठासून भरलेले असतात आणि त्यात मिर-451ए सर्वात वर असतो. तो डायसरविनाच तयार होतो. अर्गोनॉट-2 स्वतःच त्याला कापतं, आणि तांबडी पेशी पक्व होताना तो लागतो. मिर-16, मिर-486-5पी, मिर-92ए हेही तिथे भरपूर असतात. रक्त घेताना किंवा नळी हाताळताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या, म्हणजे हिमोलायसिस झालं, की हे सगळे प्लाझ्मात उतरतात. डोळ्यांना जेमतेम गुलाबी दिसेल इतक्या फुटीनेही मिर-16 आणि मिर-451ए वीस-तीस पटीपर्यंत चढलेले आढळले आहेत. तुमचे चार-पाच पट त्यात आरामात मावतात, आणि तेही प्लाझ्मा डोळ्यांना अगदी पिवळा दिसत असताना.

इथे साहजिकच शंका येईल की हिमोलायसिस दोन्ही गटांत सारखंच झालं असेल, मग फरक का दिसावा? बहुधा ते सारखं होत नाही. रुग्ण वॉर्डात असतो, त्याच्या शिरा आधीच टोचून टोचून खराब झालेल्या असतात, रक्त अनेकदा कॅन्युलातून ओढलं जातं आणि नळी प्रयोगशाळेत पोचायला दुपार होते. निरोगी माणूस सकाळी खुर्चीत बसतो, चांगल्या शिरेत 21 नंबरची सुई लागते आणि नळी अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये जाते. म्हणजे गटातला फरक आणि नमुना घेण्यातला फरक हातात हात घालून चालतात. संख्याशास्त्र त्यांना वेगळं करू शकत नाही, पी-व्हॅल्यू कितीही छान येवो. 2012 साली एका गटाने घन गाठींचे सूचक म्हणून छापून आलेले रक्तातले 79 मायक्रोआरएनए तपासले. त्यातले 46 रक्तपेशींमध्येच मुबलक असल्याचं निघालं. हा दोष तुमच्या एकट्याचा नाही, या क्षेत्राचा जुना आजार आहे.

हे तपासायला नवे नमुने लागत नाहीत, उरलेल्या सीडीएनएवर (आरएनएपासून बनवलेल्या डीएनए प्रतीवर) दोन तासांत होतं. प्रत्येक नमुन्यात मिर-23ए-3पी आणि मिर-451ए यांचे सीटी (कितव्या चक्राला संकेत दिसतो तो आकडा; कमी सीटी म्हणजे जास्त माल) काढा आणि पहिल्यातून दुसरा वजा करा. मिर-23ए वर तांबड्या पेशींचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून तो आधाराला घेतात. फरक 5 च्या आसपास किंवा खाली असेल तर नमुना स्वच्छ समजतात. 7 च्या वर गेला की शंका घ्यायची, आणि 8 च्या वर गेला की नमुना बाद. उदाहरणार्थ, मिर-23ए 29.0 ला आणि मिर-451ए 20.5 ला आला तर फरक 8.5. असा नमुना मी विश्लेषणात घेणार नाही. या सीमा वापरलेल्या प्रायमरच्या कार्यक्षमतेवर थोड्या सरकतात. म्हणून तुमच्याच किटवर एक मालिका करून बघा. स्वच्छ प्लाझ्मात जाणूनबुजून फोडलेल्या तांबड्या पेशी वाढत्या प्रमाणात मिसळायच्या आणि फरक कुठे वळतो ते पाहायचं.

दुसरी तपासणी वर्णपटाची. हिमोग्लोबिन 414 नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, आणि 0.2 च्या वरचं शोषण हा धोक्याचा इशारा मानतात. पण तुमच्या आजारात नेमकी इथेच मेख आहे. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ पित्तनलिका दाबते, कावीळ होते, आणि बिलिरुबिनही त्याच पट्ट्यात, साधारण 450 च्या आसपास, शोषण दाखवतं. प्लाझ्मात चरबी जास्त असेल तर गढूळपणामुळे सगळीच रेषा वर उचलली जाते. म्हणून कावीळ असलेल्या रुग्णात एकट्या 414 च्या आकड्यावर विसंबू नका. 350 ते 650 असा पूर्ण आलेख काढा. हिमोग्लोबिनचं 414 चं टोक अणकुचीदार असतं आणि 541 व 576 ला दोन छोटी टोकं दिसतात. बिलिरुबिनचा उंचवटा रुंद आणि पसरट असतो. संशय उरलाच तर मायक्रोआरएनएच्या फरकाला जास्त वजन द्या.

कावीळ आणखी एका वाटेने त्रास देते. मिर-122 हा जवळजवळ यकृताचाच मायक्रोआरएनए आहे, तिथल्या एकूण मायक्रोआरएनएमध्ये त्याचा वाटा प्रचंड. पित्त अडलं, यकृताच्या पेशींना इजा झाली की तो प्लाझ्मात वाढतो. तुमच्या यादीत तो असता आणि रुग्णांमध्ये वाढलेला दिसला असता, तर ‘स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा नवा सूचक’ म्हणून तो प्रबंधात गेला असता आणि प्रत्यक्षात त्याने फक्त तुंबलेली पित्तनलिका दाखवली असती. म्हणूनच निव्वळ निरोगी माणसं हा इथे पुरेसा तुलनागट नाही. पित्ताच्या खड्यांमुळे कावीळ झालेले आणि जुनाट स्वादुपिंडदाह असलेले असे दोन गट हवेतच. डॉक्टरला प्रत्यक्षात फरक करायचा असतो तो यांच्यातच. रस्त्यावरचा धडधाकट माणूस आणि कर्करोगी यांच्यातला फरक ओळखायला चाचणी लागत नाही.

तांबड्या पेशींचं झालं, आता प्लेटलेट. त्या दिसत नाहीत आणि प्लाझ्मा लालही करत नाहीत, म्हणून त्यांचा घोळ जास्त चोरटा. मिर-223, मिर-126, मिर-24, मिर-197 यांची पातळी प्लाझ्मात किती प्लेटलेट उरल्या यावर हलते. एकदाच फिरवलेल्या प्लाझ्मात हजारोंनी प्लेटलेट उरतात. गोठवल्यावर त्या फुटतात आणि आतलं सगळं बाहेर सांडतं, मग वितळवून पुन्हा फिरवलं तरी ते पूर्ण परत काढता येत नाही. रुग्ण अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम औषध घेत असेल तर आकडे आणखी वेगळे.

म्हणून पुढच्या खेपेला रक्त असं घ्या. ईडीटीए किंवा सायट्रेटची नळी चालेल, पण सगळ्यांना एकच. हेपॅरिनची नळी अजिबात नको, कारण हेपॅरिन क्यूपीसीआरला लागणारी दोन विकरं, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि पॉलिमरेज, दोघांनाही अडवतं. रुग्णाला उपचार म्हणून हेपॅरिन दिलं असेल, अँजिओग्राफी किंवा डायलिसिसच्या वेळी, तर हाच अडथळा ईडीटीएच्या नळीतही येतो. अशा नमुन्यांवर आधी हेपॅरिन तोडणारं हेपॅरिनेज चालवावं लागतं. सुई 21 नंबरची, पट्टा कमीत कमी वेळ, पहिली नळी दुसऱ्या तपासण्यांना द्यायची आणि आपली त्यानंतर भरायची. नळी हळुवार आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, हलवून फेस आणायचा नाही. बर्फात ठेवायची नाही, थंडीने प्लेटलेट चेतवल्या जातात. दोन तासांच्या आत पहिली फिरकी: 2000 जी (गुरुत्वाच्या 2000 पट), 10 ते 15 मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद किंवा अगदी कमी. वरचा प्लाझ्मा काढताना पांढऱ्या पेशींच्या थरावर निदान अर्धा सेंटिमीटर सोडून द्या. तिथे हावरटपणा केला की पुढचं सगळं बिघडतं. काढलेला प्लाझ्मा नव्या नळीत घेऊन पुन्हा 2500 ते 3000 जीला 15 मिनिटं, आणि तळाचे 200 मायक्रोलिटर टाकून द्यायचे. उरलेल्याचे 250-300 मायक्रोलिटरचे भाग करून उणे 80 अंशांना. एक भाग एकदाच वितळवायचा. सीरम वापरायचं नाही असं नाही, पण गोठताना प्लेटलेट आपला माल सोडतात, त्यामुळे सीरम आणि प्लाझ्मा यांचे आकडे कधीही एकमेकांत मिसळू नका.

आरएनए वेगळा करताना बहुतेकांची चूक होते ती प्रमाण ठरवण्यात. पेशींच्या आरएनएची सवय असल्याने लोक नॅनोड्रॉपवर मोजून ‘सगळ्यांचे 10 नॅनोग्रॅम घेतले’ म्हणतात. प्लाझ्मातला आरएनए इतका थोडा असतो की त्या यंत्रावर दिसतो तो आकडा बराचसा ग्वानिडिन, फिनॉल आणि टाकलेल्या वाहक आरएनएचा असतो. इथे आकारमान समान ठेवायचं: प्रत्येकी 200 मायक्रोलिटर प्लाझ्मा, तेवढ्याच मायक्रोलिटरमध्ये काढलेला आरएनए, आणि त्यातला ठरावीक भाग सीडीएनएला. लायसिस बफर मिसळल्यानंतरच सूत्रकृमीचा सीईएल-मिर-39 मोजून टाका. आधी टाकलात तर प्लाझ्मातली आरएनएज प्रथिनं त्याला काही क्षणांत खाऊन टाकतील. माणसाचे मायक्रोआरएनए प्लाझ्मात टिकतात ते अर्गोनॉटमध्ये, एचडीएल या चरबीवाहक कणांवर किंवा पेशींनी सोडलेल्या पुटिकांमध्ये दडलेले असतात म्हणून. उघड्या कृत्रिम आरएनएला ते संरक्षण नसतं. सीईएल-मिर-39 चा सीटी नमुन्या-नमुन्यांत एका चक्रापेक्षा जास्त हलत असेल तर वेगळं करण्याच्या टप्प्यावरच गडबड आहे. मात्र हा बाहेरून टाकलेला रेणू तुमच्या हाताचा दोष दाखवतो, रक्त घेतानाचा नाही. हिमोलायसिस त्याला कळत नाही.

यू6 वर मात्र मला अडून बसावं लागेल. तो मायक्रोआरएनए नाही, केंद्रकात राहणारा, सुमारे 106 अक्षरांचा वेगळाच आरएनए आहे, आणि प्लाझ्मात त्याला आसरा नसतो. तिथे तो 35-37 सीटीच्या आसपास, लहरीप्रमाणे येतो. समजा रुग्णांमध्ये तो सरासरी दोन चक्रं उशिरा आला. मग वजाबाकी केल्यावर रुग्णांमधला प्रत्येक मायक्रोआरएनए चार पट वाढलेला दिसेल, प्रत्यक्षात काहीच वाढलेलं नसताना. तुमचे तीन मायक्रोआरएनए जवळपास सारख्याच पटीत वाढलेत, हे त्यामुळेही असू शकतं. यू6 चे कच्चे सीटी दोन्ही गटांत वेगळे मांडून बघा, पाच मिनिटांत कळेल. त्याच्या जागी सवयीने मिर-16 घेऊ नका, तो तांबड्या पेशींचा आहे हे वर आलंच. मिर-423-5पी, मिर-191-5पी, मिर-484, मिर-103ए अशांतून सहा-सात उमेदवार घ्या, त्यांचं स्थैर्य जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या प्रोग्रामने तुमच्याच नमुन्यांत तपासा आणि दोन-तीन मिळून सरासरी वापरा. शंभरच्या वर मायक्रोआरएनए एकत्र मोजले असतील तर सर्वांची सरासरी हा उत्तम आधार. तुमच्यासारख्या छोट्या, निवडक यादीत तो चालत नाही.

मिर-21 च्या दीड पटीचं काय? दीड पट म्हणजे सीटीत फक्त 0.6 चा फरक. एकाच नमुन्याच्या तीन वेल्समध्ये 0.2-0.3 चा फरक पडतो, आरएनए वेगळा करण्याने त्यात आणखी भर पडते. मोजमापाच्या गोंगाटाच्या काठावरचा हा आकडा आहे. शिवाय मिर-21 जवळपास प्रत्येक ऊतीत मुबलक असतो आणि दाह, तंतुमयता, जवळजवळ प्रत्येक गाठ, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार अशा सगळ्यांत ‘वाढलेला’ म्हणून छापून आला आहे. जो सगळीकडे वाढतो तो कशाचंच निदान करत नाही.

आता कार्यकारणभावाकडे. टार्गेटच्या यादीवरून ‘कर्करोगातील मार्ग’ आला याला पुरावा का मानू नये, हे एकदा करून बघण्यासारखं आहे. कुठलेही चार मायक्रोआरएनए डोळे मिटून निवडा आणि त्याच डेटाबेसमध्ये टाका. तेच मार्ग बहुतेक वेळा वर येतील. एका मायक्रोआरएनएची अंदाजित टार्गेट शेकड्यांनी असतात, ज्या जीनचा शेवटचा न वाचला जाणारा भाग लांब असतो ते यादीत वारंवार येतात, आणि कर्करोगाच्या जीनवर सगळ्यात जास्त संशोधन झाल्याने त्यांच्या नोंदीही सगळ्यात जास्त. सॉफ्टवेअर तुम्हाला जीवशास्त्राऐवजी संशोधकांची आवड सांगत असतं. यादी तपासायची असेल तर पार्श्वभूमी म्हणून त्या ऊतीत प्रत्यक्ष व्यक्त होणारे जीनच घ्या आणि यादृच्छिक निवडलेल्या मायक्रोआरएनएच्या हजार संचांशी तुलना करा. फार थोडं शिल्लक राहतं.

त्याहून मूलभूत गोष्ट म्हणजे पेशीत काम करायला मायक्रोआरएनएच्या भरपूर प्रती लागतात, कारण जुळणाऱ्या जागाही हजारो असतात. प्लाझ्मातला मायक्रोआरएनए दुसऱ्या पेशीत शिरून तिथले जीन दाबतो, हे अनेक लेखांत गृहीत धरलेलं असतं. पण मोजणी केली तर चित्र वेगळं दिसतं. एखाद्या मुबलक मायक्रोआरएनएचीही एक प्रत सापडायला सरासरी शंभराहून अधिक एक्सोसोम (पेशींनी सोडलेल्या छोट्या पुटिका) चाळावे लागतात, आणि प्लाझ्मातला मोठा हिस्सा तर पुटिकांच्या बाहेर, अर्गोनॉटला चिकटलेला असतो. तेव्हा प्लाझ्मातली वाढ ही आधी ‘कुठे तरी पेशी फुटल्या किंवा स्रवल्या’ याची खूण समजा. आजार घडवणारा हात समजायला फार वेगळा पुरावा लागतो. पेशीत 50 नॅनोमोलर कृत्रिम मायक्रोआरएनए सोडून टार्गेटला जोडलेलं ल्युसिफरेज (चमक देणारं प्रथिन) निम्म्याने उतरलं, हा तो पुरावा नव्हे. त्या डोसला पेशीत नैसर्गिक पातळीच्या शेकडो पट माल कोंबलेला असतो. पेशीतला मूळ मायक्रोआरएनए काढून टाकल्यावर टार्गेट वाढतं का, आणि टार्गेटमधली एकच जुळणारी जागा क्रिस्पर या जीन बदलण्याच्या तंत्राने बदलल्यावर तोच परिणाम दिसतो का, हे पाहिलेलं असेल तर मी मान डोलावेन.

ऊतीतही ‘कुठल्या पेशीतून’ हा प्रश्न सुटत नाही. मिर-143 आणि मिर-145 यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. आतड्याच्या कर्करोगात ते कमी दिसतात म्हणून कित्येक वर्षं त्यांना कर्करोगरोधक म्हटलं गेलं. पुढे बारकाईने पाहिल्यावर कळलं की ते अस्तराच्या पेशींमध्ये जवळजवळ नसतातच, गुळगुळीत स्नायू आणि तंतुपेशींमध्ये असतात. गाठीच्या तुकड्यात अस्तरपेशींचं प्रमाण वाढतं, स्नायूंचं घटतं, म्हणून एकूण आकडा खाली येतो. पेशींच्या आत काहीच ‘दबलं’ नव्हतं. तुमच्या आजारात तर हा सापळा दुप्पट आहे, कारण स्वादुपिंडाच्या गाठीत बराच भाग तंतुमय ऊतीचा असतो. उद्या ऊतीवर काम कराल तर कापावर इन सिटू हायब्रिडायझेशन करून मायक्रोआरएनए कुठल्या पेशीत चमकतो ते आधी पाहा.

मग मायक्रोआरएनए आणि आजार यांचं पक्कं नातं कुठे आहे? जिथे जीनमध्येच बदल सापडतो तिथे. जुनाट लिम्फोसायटिक ल्युकेमियात 13व्या गुणसूत्राचा 13क्यू14 हा तुकडा वारंवार गळतो. तिथे मिर-15ए आणि मिर-16-1 बसलेले आहेत, हे 2002 साली दाखवलं गेलं, आणि उंदरात तो भाग काढल्यावर तसाच आजार होतो. मिर-96 च्या बीज भागातल्या, म्हणजे जुळणाऱ्या 2 ते 8 अक्षरांतल्या, एका अक्षराच्या बदलाने वाढत जाणारं आनुवंशिक बहिरेपण येतं. मिर-17-92 समूहाची एक प्रत गेली की फाइनगोल्ड सिंड्रोमचा दुसरा प्रकार होतो. डायसर1 मधल्या बदलांनी लहान मुलांत फुप्फुसाची दुर्मीळ गाठ आणि इतर गाठी होतात. हिपॅटायटिस सी विषाणूला तर वाढायला मिर-122 लागतोच. बाकी ‘अमुक आजारात अमुक वाढला’ या हजारो नोंदी आहेत, त्यांच्याकडे सुगावा म्हणून बघा, निकाल म्हणून नव्हे.

यादी वाचताना आणखी एक पाहत चला. मिरबेस या डेटाबेसमध्ये माणसाचे सुमारे 2650 पक्व मायक्रोआरएनए नोंदलेले आहेत, पण काटेकोर निकष लावणारा मिरजीनडीबी जेमतेम पाचशेच्या वर जीन मान्य करतो. मिर-3000 च्या पुढचे, क्वचितच दिसणारे आकडे यादीत आले तर ते खरे मायक्रोआरएनए आहेत की दुसऱ्या आरएनएचे तुकडे, हे आधी तपासा.

निदानासाठी चांगला मायक्रोआरएनए कसा असतो हे बघायचं तर वृषणाच्या गाठींचा मिर-371ए-3पी घ्या. प्रौढ शरीरातल्या इतर पेशी तो जवळजवळ बनवतच नाहीत, म्हणून रक्तात सापडला की उगम स्पष्ट असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही 90 टक्क्यांच्या आसपास, एएफपी आणि एचसीजी या नेहमीच्या रक्तसूचकांपेक्षा सरस, आणि गाठ काढल्यावर एक-दोन दिवसांत पातळी कोसळते. त्यालाही मर्यादा आहे: टेराटोमा या प्रकारची गाठ तो बनवत नाही, म्हणून टेराटोमा त्याला दिसत नाही. तुमच्या मिर-451ए ची जागा याच्या नेमक्या विरुद्ध टोकाला आहे. शरीरातली प्रत्येक तांबडी पेशी तो घेऊन फिरते.

औषधाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तुमच्या आकड्यांवरून तिथवर जाणारा रस्ता नाही. मायक्रोआरएनएवर बेतलेलं एकही औषध अजून मंजूर झालेलं नाही. मिर-122 अडवणाऱ्या मिराव्हिर्सेनने हिपॅटायटिस सी चा विषाणू रुग्णांत खाली आणला, पण दरम्यान विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळ्या आल्या आणि त्याची गरज उरली नाही. मिर-34ए ची नक्कल असलेल्या एमआरएक्स34 ची चाचणी रोगप्रतिकार यंत्रणेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे 2016 साली थांबवावी लागली. पॅटिसिरान, इन्क्लिसिरान ही मंजूर औषधं एसआयआरएनए आहेत. ती तीच अर्गोनॉटची यंत्रणा वापरतात, पण एकाच जीनवर पूर्ण जुळणीने रोखलेली असतात. शेकडो जीन एकदम हलवणारा रेणू सर्व शरीरात सोडायचा आणि फक्त गाठीतच परिणाम हवा म्हणायचं, इथेच घोडं पेंड खातं.

आता तुमच्याकडे जे आहे त्याचं काय करायचं, हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: प्लाझ्मा एकदा फिरवला की दोनदा, दोन्ही गटांचं रक्त एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने घेतलं का, आणि प्लाझ्माचे न वितळवलेले भाग शिल्लक आहेत का. सगळ्या 60 नमुन्यांचा मिर-23ए वजा मिर-451ए फरक आधी काढा आणि गटानुसार ठिपक्यांचा आलेख मांडा. रुग्णांचे ठिपके वर सरकलेले असतील तर तुमच्या तिन्ही नावांचा खुलासा तिथेच झाला. त्यांना हिमोलायसिसचा आकडा घालून ‘दुरुस्त’ करण्याच्या फंदात पडू नका, गट आणि पेशींची फूट इतकी गुंतलेली असताना ते गणित खरा फरकही पुसतं आणि खोटाही उरवतं. शंकेचेही धरून 7 च्या वरचे सगळे नमुने काढून टाका आणि उरलेल्यांत मिर-21 व इतर पुन्हा बघा. ठिपके दोन्ही गटांत सारखे पसरले असतील तर मात्र वाढ खरी असण्याची शक्यता उघडी राहते. मग यू6 बदलून तेच विश्लेषण करा, आणि फरक टिकला तर कावीळ व स्वादुपिंडदाहाचे गट जमवायला लागा.

30 विरुद्ध 30 मध्ये तीन-चार मायक्रोआरएनए जोडून काढलेल्या आरओसी वक्राचं (चाचणी दोन गट किती नीट वेगळे करते याचा आलेख) क्षेत्रफळ 0.95 आलं तरी हुरळून जाऊ नका. त्याच नमुन्यांवर निवड आणि त्याच नमुन्यांवर परीक्षा घेतली तर इतकं येतंच. वेगळ्या ठिकाणी घेतलेल्या, संकेतांक झाकलेल्या नमुन्यांवर तेच सूत्र, तोच कटऑफ न बदलता चालवा आणि सीए 19-9 या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या रक्तसूचकाच्या बरोबरीने मांडा. मायक्रोआरएनएने सीए 19-9 मध्ये काही भर घातली का, एवढाच आकडा डॉक्टरच्या कामाचा.

प्रबंधात लिहिताना ‘या मायक्रोआरएनएची आजारातील भूमिका’ हे शीर्षक बदलून ‘प्लाझ्मातील पातळी’ असं करा. पद्धतीच्या भागात नळीचा प्रकार, रक्त घेतल्यापासून फिरवेपर्यंतचा वेळ, दोन्ही फिरक्यांचे जी आणि मिनिटं, प्रत्येक नमुन्याचा हिमोलायसिसचा आकडा आणि किती नमुने बाद केले हे कोष्टकात द्या. टार्गेटच्या मार्गांची आकृती परिशिष्टात टाका किंवा सरळ काढून टाका. परीक्षक जाणकार असेल तर तो पहिला प्रश्न मिर-451ए वरच विचारेल, आणि तेव्हा 60 ठिपक्यांचा तो आलेख तुमच्या हातात असायला हवा. फरकाचे आकडे आले की इथेच टाका, यू6 च्या कच्च्या सीटीसकट. पुढचं त्यावर बोलता येईल.